वांझ म्हणण्याआधी

गुरांची डॉक्टर म्हणून माझी नोकरी गोव्याच्या सत्तरी, डिचोली आणि फोंडा तालुक्यांत झाली. इतक्या वर्षांत गोठ्यात मी सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य कुठलं असेल तर हे: "डॉक्टरबाय, गाय परत उलटली." म्हणजे रेतन करून झालं, गाय गाभण राहिली नाही आणि पुन्हा माजावर आली. त्याला जोडून पुढचं वाक्य यायचं, "वांझच दिसते ही. विकून टाकू?"

मग माझे प्रश्न सुरू व्हायचे. माज पहिल्यांदा कधी दिसला? सोट, म्हणजे माजाचा चिकट स्राव, काचेसारखा स्वच्छ होता का? दुसरी गाय अंगावर चढली तेव्हा ही उभी राहिली की पळाली? रात्री हंबरत होती तर मला फोन सकाळी दहाला का केला? सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा आमचा साधा नियम. वेळ चुकली की उत्तम वळूच्या वीर्याची कांडीसुद्धा फुकट जाते. कितीतरी "वांझ" गाई मी पुढे चार-चार वासरांच्या आया झालेल्या पाहिल्या आहेत. दोष गायीत नसायचा, तिच्याकडे कुणी नीट पाहिलेलं नसायचं.

पांड्याच्या मादीला जगातल्या मोठमोठ्या प्राणीसंग्रहालयांनी कित्येक वर्षं असंच नाव ठेवलं. पांडा म्हणजे आळशी, थंड, निसर्गानेच टाकून दिलेला प्राणी, याला पिल्लं होत नाहीत आणि झाली तर सांभाळता येत नाहीत, असं अजूनही लोक बोलतात. मला ते ऐकवत नाही.

लंडनच्या प्राणीसंग्रहालयात 1958 मध्ये ची ची नावाची मादी आली. वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यूएफ संस्थेच्या बोधचिन्हावरचा पांडा तिच्यावरूनच सुचला, 1961 मध्ये. तिचं पोरवय माणसांतच गेलेलं. 1966 मध्ये तिला विमानाने मॉस्कोला नेलं, तिथल्या आन आन नावाच्या नराकडे. काही जमलं नाही. दोन वर्षांनी आन आनला लंडनला आणलं. तेव्हाही नाही. 1972 मध्ये ची ची गेली. त्याच वर्षी, अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्या चीन दौऱ्यानंतर, लिंग लिंग आणि शिंग शिंग ही जोडी वॉशिंग्टनला पोचली. त्यांचा पहिला यशस्वी समागम व्हायला 1983 उजाडलं. लिंग लिंगला एकंदर पाच पिल्लं झाली, त्यातलं एकही काही दिवसांपलीकडे जगलं नाही. वर्तमानपत्रांनी या सगळ्याची चेष्टा केली. पण एक अनोळखी नर आणि एक अनोळखी मादी, परक्या देशात, वर्षातून मोजके दिवस एकत्र आणायची आणि मग म्हणायचं की यांना जमत नाही! अशा परिस्थितीत कोणाला जमलं असतं?

जंगलात काय होतं ते 1980 च्या दशकात चीनमधल्या वोलोंगच्या डोंगरांत जॉर्ज शेलर आणि हू जिनचू या प्राणीशास्त्रज्ञांनी मुक्काम टाकून पाहिलं. मादी वसंतात माजावर येते. झाडाखोडांवर, दगडांवर तिच्या गंधाच्या खुणा आधीपासून असतात आणि त्या वासावर आसपासचे नर गोळा होतात. कधी मादी झाडावर चढून बसते आणि खाली नर एकमेकांशी भांडतात. कोवळे नर लांबून हे सारं बघत असतात आणि पुढच्या वर्षांसाठी शिकत असतात. म्हणजे वास, आवाज, स्पर्धा, निवड आणि शिकवण, एवढं सगळं त्या दोन-तीन दिवसांच्या मागे उभं असतं. सिमेंटच्या पिंजऱ्यात यातलं काय होतं?

दोन-तीन दिवस म्हणाले, ते खरोखर तेवढेच. गाय दर एकवीस दिवसांनी माजावर येते. एक संधी हुकली तर तीन आठवडे थांबायचं, मालकाचं नुकसान होतं पण दार बंद होत नाही. पांड्याची मादी वर्षातून एकदाच माजावर येते, फेब्रुवारी ते मे या काळात, आणि गर्भ राहण्याची वेळ फार तर 24 ते 72 तास. ती हुकली की पुढचा वसंत. गोठ्यात वेळ साधण्यावर आयुष्य घालवलेल्या माझ्यासारखीला हे वाचून घामच फुटला होता.

माझी मुलगी सिंगापूरला असते. तिच्याकडे गेले तेव्हा मी एकच हट्ट धरला, मला ती पांड्याची मादी दाखव. तिथे "काय काय" नावाचा नर आणि "जिया जिया" नावाची मादी ही जोडी 2012 पासून आहे आणि त्यांचं पिल्लू ले ले 14 ऑगस्ट 2021 ला जन्मलं. आता ते पिल्लू चीनला गेलंय, पण मी गेले तेव्हा आईजवळच होतं. मुलगी म्हणाली, "आई, लोक फोटो काढतायत आणि तू तिची कास शोधतेयस." शोधत होतेच! आई बांबू सोलत होती, पिल्लू तिच्या पाठीवर चढून घसरत होतं, ती एका पंज्याने त्याला आवरत होती आणि दुसऱ्याने खात होती. नर वेगळ्या जागेत होता. पिल्लं वाढवण्यात पांड्याच्या नराचा भाग नसतोच, जंगलातही नाही.

मला सगळ्यात विचार करायला लावलं ते तिथल्या हवेने. सिंगापूर विषुववृत्ताजवळ, गोव्यापेक्षाही दमट. बारा महिने दिवस-रात्र जवळजवळ सारखे. पांड्याच्या मादीला माज येतो तो दिवस मोठा होत चालल्याच्या खुणेवर. मग तिथल्या लोकांनी त्यांच्या दालनात थंडी कमी-जास्त केली, दिव्यांचे तास बदलले, आणि पांड्यांच्या मुलखातला, चीनच्या सिचुआन प्रांतातला, हिवाळा आणि वसंत आत तयार केला. 2015 पासून दर वर्षी प्रयत्न चालले होते, सातव्या हंगामात यश आलं, तेही कृत्रिम रेतनाने. सात वर्षं एका मादीचा वर्षातला एक माज धरून बसायचं. ज्यांनी हे केलं त्यांना माझा मनापासून नमस्कार.

वेळ कशी पकडतात, हे तर माझ्या धंद्याचंच. मादीचं मूत्र रोज गोळा करतात आणि त्यातलं इस्ट्रोजेन मोजतात. ते चढत जातं, शिखर गाठतं आणि एकदम खाली येतं. ते उतरलं की बीज सुटलं असं समजायचं आणि धावायचं. त्याच्या जोडीला तिचं वागणं: गंधाच्या खुणा वाढतात, खाणं कमी होतं, ती शेळीसारखा आवाज काढते, शेपटी वर करून उलट पावलांनी नराकडे सरकते. वीर्य आधीच गोठवून ठेवलेलं असतं, आमच्याकडच्यासारखंच द्रव नत्रात. पांड्याचं वीर्य गोठवणं चांगलं सोसतं, हे त्या जातीचं नशीब. चीनमध्ये कृत्रिम रेतनाचं पहिलं पिल्लू 1978 मध्ये बीजिंगला झालं.

फरक एवढाच की गायीला मी खोड्यात उभी करून, पाठीवर हात फिरवून काम करते, आणि तिला फारसं कळतही नाही. पांडा शेवटी अस्वल. नराचं वीर्य काढायला त्याला भूल द्यावी लागते आणि मादीत सोडायलाही तिला भूल द्यावी लागते. दर वर्षी, कधी एकाच माजात एकाहून जास्त वेळा. भुलेचा धोका मी ओळखते. म्हणून नैसर्गिक समागम होत असेल तर त्यालाच आधी संधी द्यावी असं माझं ठाम मत आहे, मग त्यासाठी कितीही धीर धरावा लागो.

आणि नैसर्गिकरीत्या होण्यासाठी एक साधी गोष्ट लागते, मादीची पसंती. चीनमधल्या बिफेंगशिया पांडा केंद्रात यावर अभ्यास झाला, तो 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. एका मादीच्या दोन बाजूंना दोन नर ठेवले, आणि ती कोणाकडे जास्त जाते, कोणासमोर आवाज काढते ते पाहिलं. नरांचंही तसंच पाहिलं. दोघांना एकमेकांची ओढ असली तर समागम आणि पिल्लं दोन्हींचं प्रमाण खूप वाढलं. दोघांनाही ओढ नसली तर जवळजवळ काहीच नाही. तोवर जोड्या लावल्या जायच्या त्या वंशावळीच्या वहीवरून, कोणाचं रक्त कोणाशी जुळतं ते बघून. ती वही हवीच, तिच्याशिवाय भाऊबंदांतच वीण होत राहते. पान पान नावाचा एक नर 2016 मध्ये गेला तेव्हा त्याचा वंश 130 च्या वर होता, म्हणजे बंदिवासातल्या पांड्यांपैकी जवळपास चौथा हिस्सा. एकाच वळूच्या कांड्या गावभर वापरल्या की काय होतं ते आम्ही संकरित गाईंत पाहतोच. पण वहीत चार नर योग्य निघाले तर त्या चारांतला कुठला, हे तिला ठरवू द्यायला काय हरकत आहे?

गर्भ राहिला की नाही, हे कळणंही सोपं नाही. गायीत दोन-अडीच महिन्यांनी मी हात घालून सांगू शकते. पांड्यात फळलेलं बीज गर्भाशयात तसंच तरंगत राहतं, आठवडेच्या आठवडे रुजत नाही. त्यामुळे दिवस भरायला तीन महिने लागतील की पाच, सांगता येत नाही. गर्भ नसतानाही संप्रेरकं तशीच चढतात, मादी घरटं करते, सुस्तावते, खाणं सोडते आणि मग काहीच होत नाही. सोनोग्राफीत गर्भ दिसतो तो अगदी शेवटच्या दिवसांत.

आणि जन्माला येतं ते केवढं? साधारण 100 ग्रॅम. आईच्या वजनाचा नऊशेवा भाग. गुलाबी, आंधळं, केस नावापुरते. आई ते तोंडाने उचलते, छातीशी धरते आणि पहिले काही दिवस जागची हलत नाही, पाणी प्यायलासुद्धा नाही. तिने चाटल्याशिवाय पिल्लाला शी-शू होत नाही. एवढी ताकदवान अस्वलीण, बांबूचा पोगर कडाकड फोडणारी, आणि तोंडात ते एवढंसं. तिला पिल्लं सांभाळता येत नाहीत म्हणणाऱ्याने हे एकदा तरी पाहावं.

जवळजवळ निम्म्या वेळा जुळं होतं. जंगलात आई त्यातलं एकच वाढवते, दुसरं सोडून देते. हे ऐकून लोक तिला निर्दय म्हणतात. पण तिचा हिशेब बघा. पोट मांसाहारी प्राण्याचं आणि खाणं बांबूचं. दिवसाला 12 ते 38 किलो बांबू खायचा आणि त्यातला पाचवा हिस्साही अंगी लागत नाही. त्या ताकदीवर दोघांना दूध कुठून पुरवणार? चीनमधल्या केंद्रांनी यावर जो उपाय काढला तो मला फार आवडतो. एक पिल्लू आईजवळ, एक उबवणीपेटीत, आणि काही तासांनी अदलाबदल. राखणदार मधाच्या पाण्याचं भांडं पुढे करतो, आई पिते, तेवढ्यात पिल्लू बदलतं. दोघांनाही आईचा चीक, आईचं दूध, आईची ऊब मिळते. पूर्वी बहुतेक पिल्लं दगावायची, आता बहुतेक जगतात, त्यात या युक्तीचा मोठा वाटा आहे. इथेही यश आलं ते आईच्या स्वभावाशी जुळवून घेऊनच.

ती नाही म्हणाली तर मात्र इलाज नसतो. वॉशिंग्टनच्या मे शियांगला 22 ऑगस्ट 2015 ला जुळं झालं. अदलाबदल सुरू केली, पण ती मोठं पिल्लू खाली ठेवायलाच तयार होईना. लहान पिल्लू चार दिवसांत गेलं. मोठं जगलं, तोच बे बे. याच मे शियांगला 2020 मध्ये, वयाच्या बावीसाव्या वर्षी, गोठवलेल्या वीर्याच्या रेतनाने आणखी एक पिल्लू झालं. अमेरिकेत इतक्या वयात कुठल्या पांड्याला पिल्लू झालं नव्हतं.

आता जे पटत नाही तेही लिहिते. पिल्लं वाढवण्याची विद्या हाती आल्यावर मोह सुटला. जंगलात पिल्लू दीड-दोन वर्षं आईबरोबर असतं, त्यामुळे मादी दोन-तीन वर्षांनी एकदा विते. केंद्रांत पिल्लं सहा महिन्यांची होण्याच्या आसपास तोडली जायची, का, तर आई पुढच्या वसंतात पुन्हा माजावर यावी. दुभत्या म्हशीचं पारडू लवकर तोडतात तेव्हा रात्रभर ती कशी ओरडते ते माझ्या कानात आहे. शिवाय पैसा. 1980 च्या दशकात चीनने परदेशांना पांडे भेट देणं थांबवलं आणि उसने देणं सुरू केलं. पुढे करार दहा-दहा वर्षांचे झाले, जोडीमागे वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत. परदेशात जन्मलेलं पिल्लूही चीनचंच. कतारमधल्या अल खोरला 2022 पासून सुहैल आणि थुरया ही पांड्यांची जोडी आहे, आमच्याकडची तिथे नोकरी करणारी मुलं व्हिडिओ पाठवतात. वाळवंटात वातानुकूलित घर, बांबू परदेशातून येणारा. त्या मुलांना आनंद होतो, मलाही बघायला बरं वाटतं. पण त्यातून जंगलातला एकही पांडा वाढत नाही, हे विसरून चालणार नाही.

बंदिवासात आज जगभर मिळून 700 च्या वर पांडा आहेत. जंगलातली मोजणी 1980 च्या दशकात 1,100 च्या घरात होती, 2014 पर्यंत झालेल्या मोजणीत 1,864 भरली. 2016 मध्ये त्याला धोक्याच्या यादीत एक पायरी खाली आणलं. पण जंगलातली वाढ पिंजऱ्यातली पिल्लं सोडून झाली नाही. सोडलेले अगदी थोडे. 2006 मध्ये शियांग शियांग नावाचा नर सोडला, तो वर्षभराच्या आत जंगली नरांशी झालेल्या झटापटीनंतर मेला. त्यानंतर पद्धत बदलली. ताओ ताओ नावाच्या पिल्लाला त्याच्या आईबरोबरच मोठ्या रानटी कुंपणात वाढवलं, माणूस दिसू नये म्हणून राखणदार पांड्याचा पोशाख चढवून आत जायचे. 2012 च्या ऑक्टोबरात त्याला सोडलं. पाच वर्षांनी पकडून तपासला तर ठणठणीत होता. त्याला जगायला शिकवलं ते आईने.

जंगलातली संख्या वाढली ती झाडतोड थांबल्यामुळे, शिकार थांबल्यामुळे आणि राखीव वनं जोडल्यामुळे. 2021 मध्ये तिथे पांड्याचं राष्ट्रीय उद्यान झालं, सुमारे 22,000 चौरस किलोमीटरचं. आपला अख्खा गोवा 3,702. बांबूला फुलोरा येऊन बेटंच्या बेटं वाळली की पांड्याला दुसऱ्या डोंगरावर जायला वाट लागते. 1983 मध्ये तशी वाट नसल्याने किती तरी उपाशी सापडले. छंगदूचं पांडा केंद्र 1987 मध्ये सुरू झालं तेच अशा वाचवलेल्या सहा पांड्यांवर. वाट असेल तर मादी आपलं आपण बघते.

हे सगळं मी सत्तरीत बसून का लिहितेय? कारण जानेवारी 2020 मध्ये म्हादई अभयारण्यातल्या गोळावलीला एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेलेले सापडले. तीन बछडे! कुणी मूत्र तपासलं नव्हतं, दिवे कमी-जास्त केले नव्हते, भूल दिली नव्हती. आपल्या डोंगरात, आपल्या गव्यांवर आणि सांबरांवर, तिने एकटीने तिघांना मोठं केलं होतं. सिंगापूरला एका पिल्लासाठी सात हंगाम घालवलेले लोक पाहून आल्यावर मला ती वाघीण जास्तच आठवते.

ज्याची गाय किंवा म्हैस वाघाने मारली त्याचा राग मी जवळून पाहिला आहे. मारलेल्या गुरांची शवविच्छेदनं मी केली आहेत. कर्ज काढून घेतलेली म्हैस गेली की घराचा महिन्याचा खर्च गेला, आणि भरपाईचे कागद महिनोन् महिने फिरत राहतात. माणसाला त्या वेळी विषाची बाटली जवळची वाटते. मला वाटतं, भरपाई आठवड्याच्या आत गोठ्यात पोचली पाहिजे. विमानाने बांबू नेण्याइतका खर्च त्याला येणार नाही. सत्तरीतल्या केरी, वाळपई, ठाणे या बाजूला ज्यांचे गोठे रानाला लागून आहेत त्यांना माझं सांगणं आहे: जनावर मारलं गेलं तर ते जागचं हलवू नका, जखमांचे आणि आजूबाजूच्या पंज्यांचे फोटो काढा, लगेच वनखात्याला आणि पंचायतीला कळवा, आणि मग मला फोन करा. मी निवृत्त झाले असले तरी कागद कसे भरायचे ते मला माहीत आहे. मी येईन.